गिटार ते संगणक: मध्ये काय लागतं?

लॅपटॉपच्या माइक-सॉकेटमध्ये गिटारची वायर थेट खुपसू नका. तिथला इनपुट काही हजार ओहमचाच असतो आणि पिकअपच्या आवाजातली धार त्यात मरते. ऑडिओ इंटरफेस घ्या, त्यावरचं ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ बटण दाबा. इनपुट साधारण 10 लाख ओहमचा होतो. गेन इतकाच ठेवा की सर्वांत जोरकस स्ट्रोकलाही लाल दिवा लागू नये.

विंडोजवर इंटरफेसचा एएसआयओ ड्रायव्हर टाकाच. 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पलचा बफर म्हणजे 2.7 मिलिसेकंद. जाऊन-येऊन विलंब याच्या दुपटीहून जास्त भरतो, तरी बोटांना सहसा खटकत नाही.

नागपुरात खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. कूलरची मोटर जवळ असली की सिंगल-कॉइल पिकअप 50 हर्ट्झची घरघर ओढून घेतं. त्या उकाड्यात कूलर बंद ठेवणं जिवावर येतं. म्हणून लांब बसा, गिटार थोडी वळवून शांत कोन शोधा. हमबकर पिकअप असेल तर उत्तमच, ते याच घरघरीवरचा इलाज म्हणून जन्मलं. तरीही आवाज राहिला तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. घरघर थांबली, तर वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या.