सुट्या जोड्याची गल्ली

दिल्लीच्या करोल बागेत हरध्यान सिंग रोडवर मी पहिल्यांदा गेले ती चपला घ्यायला. अर्धा तास हिंडले, पण पायात घालता येईल असं काही दिसेना. टाचा होत्या, पोत्यांनी. तळवे होते, नंबरवार सुतळीने बांधलेले. रेक्झिनच्या गुंडाळ्या छताला टेकलेल्या, पुठ्ठ्यांवर ओळीने टाचलेली बकलं, इलॅस्टिकची रिळं, फोमचे ताव, आणि सगळ्यावर सोल्युशनचा तो डोक्यात जाणारा वास. शेवटी एका दुकानदाराला माझी कीव आली. ‘‘मॅडम, यहाँ जूता नहीं, जूते का सामान मिलता है,’’ तो म्हणाला. या रस्त्याचा परिचय याहून थोडक्यात मला तरी करून देता येणार नाही.

गेले होते भाचीच्या लग्नाच्या खरेदीसाठी. साखरपुडा, हळद, मुहूर्त आणि रिसेप्शन म्हणजे चार पोशाख, आणि हल्लीच्या रिवाजाप्रमाणे चार रंगांचे चार जोड. त्यातून मांडवात नवरी अनवाणीच असते. ‘हम आपके हैं कौन’ १९९४ साली आला आणि नवरदेवाचे जोडे पळवायची उत्तरेची चाल आपल्या कार्यालयांतही शिरली, त्यामुळे त्याच्या जोड्याला निदान थोडा भाव आला. नवरीचा जोड बिचारा शालूच्या घोळाखालीच राहतो. तेव्हा माझ्या मनात असं की एकच चांगला, पायाला न लागणारा जोड घ्यावा आणि त्यावर चढवायला चार रंगांची आवरणं शिवून घ्यावीत. उशीला अभ्रा असतो, सोफ्याला खोळ असते, मग बुटाने काय घोडं मारलंय?

हे डोक्यात यायला करोल बागच कारण असावी. ही मुळात हलवलेल्या माणसांची वस्ती. नवी दिल्ली बांधायला घेतली तेव्हा माधोगंज, जयसिंगपुरा, राजा का बाजार या गावांतल्या लोकांना उठवून इकडे आणलं. हकीम अजमल खान यांच्या तिब्बिया कॉलेजचं उद्घाटन १९२१ साली गांधीजींच्या हस्ते झालं, ते इथेच. मुख्य बाजाराच्या रस्त्याला हकीमसाहेबांचंच नाव आहे. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी दुकानं थाटली आणि बाजाराला आजचं रूप आलं. शेजारीच रैगरपुरा. रैगर हा राजस्थानातला, कातडं कमावण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या माथी मारलं गेलं तो समाज. चामड्याचा धंदा या भागात आभाळातून पडलेला नाही.

मराठी कानावर पडते ती मात्र चामड्याच्या नव्हे, सोन्याच्या गल्ल्यांत. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक देशभर पसरले, तसे दिल्लीतही आले. जुनं सोनं गाळून शुद्ध करायचं, त्याचं नवं करायला सराफाच्या हाती द्यायचं. दागिन्याला मोड असते. आजीच्या पाटल्यांच्या नातीच्या बांगड्या होतात. जोड्याला मोड नसते. वरचं कापड विटलं, रंग उडाला किंवा फॅशन सरली की खालचा धडधाकट तळही त्याच्याबरोबर उकिरड्यावर जातो. बदलत्या आवरणाच्या कल्पनेमागची खरी टोचणी हीच आहे: निदान तळाची तरी मोड मिळावी.

ही टोचणी जुनी आहे. सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपात बुटाचं बकल बुटाला शिवलेलं नसे. सॅम्युअल पेप्सने आपल्या बुटांना बकलं लावायला सुरुवात केल्याची नोंद रोजनिशीत केली ती १६६० च्या जानेवारीत. पुढे ही बकलं चांदीची झाली, काचेच्या खड्यांची झाली, आणि दागिन्यासारखी डबीत राहू लागली. जोडा झिजला की टाकायचा आणि बकल काढून पुढच्याला लावायचं. मोड येणारा भाग लोकांनी असा सुटा ठेवलेला होता. मग बंदांची चाल आली आणि बर्मिंगहॅमचे बकलवाले हवालदिल झाले. १७९१ साली त्यांनी थेट युवराजाकडे अर्ज केला की आमचा धंदा बसतोय, काही करा. फॅशनने युवराजाचंही ऐकलं नाही.

विसाव्या शतकात साल्वातोरे फेरागामो या इटालियन कारागिराने हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. १९५१ ची त्याची ‘किमो’ सँडल जपानी ताबी मोज्यावरून सुचलेली. बाहेर पट्ट्यांची सँडल, आत साटिनचा किंवा मऊ चामड्याचा घोट्यापर्यंतचा मोजा. मोजा बदलला की जोडा बदलला. यातली खुबी माझ्या ध्यानात यायला स्वतःचं कापड वाया घालवावं लागलं. त्याने आवरण जोड्यावर चढवलं नाही, जोड्याच्या आत घातलं. वरचे पट्टे ते जागच्या जागी दाबून धरत.

माझा प्रयोग सांगते. काळी साधी बेली घेतली. (दिल्लीत पुढून बंद, पाठीमागून टाच झाकणाऱ्या, बिनबंदाच्या बायकी बुटाला ‘बेली’ म्हणतात, त्याचा पोटाशी संबंध नाही, मूळ शब्द बॅलेरिना.) घरात पैठणीच्या ब्लाउजपिसाचा तुकडा उरला होता. हरध्यान सिंग रोडवरून इलॅस्टिक आणि पातळ अस्तर घेतलं आणि पदपथावर बसणाऱ्या एका वयस्क मोचीबाबांकडे गेले. त्यांनी तुकडा हातात घेतला, आडवा ओढला, उभा ओढला आणि मान हलवली. जरीचं कापड ताणत नाही. मग त्यांनी ते तिरकं धरून ओढलं. आपल्या शिंपीकामात ज्याला उरेब म्हणतात तसं. उरेब कापलं की कुठलंही विणलेलं कापड थोडं तरी सोडतं. आवरण उरेबच बेतलं. बुटाच्या वरच्या काठाला आत दुमडून इलॅस्टिक, टाचेमागे एक आकडा, आणि खाली तळव्याला वळसा घालून जाणारा अरुंद पट्टा.

टेबलावर ठेवलेला तो जोड इतका देखणा दिसला की मी फोटो काढून बहिणीला पाठवला. मग घालून चालले. दहाव्या पावलाला बोटांच्या मुळाशी, पाऊल जिथे दुमडतं तिथे, कापडाची चुणी पडली. पन्नासाव्या पावलापर्यंत ती चुणी फुगून बेडकासारखी बसली. खालचा पट्टा फरशीवर घासून दिवसभरात दोऱ्यावर आला.

चूक मोचीबाबांची नव्हती, मी दिलेल्या कामातच खोट होती. बुटाचा वरचा भाग, ज्याला कारखान्यात ‘अपर’ म्हणतात, तो काही पायमोज्यासारखा चढवलेला नसतो. आधी त्याचे तुकडे कापून शिवतात. मग तो पायाच्या आकाराच्या साच्यावर ताणतात. या साच्याला मराठीत कलबूत म्हणतात, दिल्लीच्या धंद्यात फर्मा. पकडीने कड ओढायची, खाली वळवायची, सुखतळ्याला म्हणजे आतल्या तळाला डकवायची. पुढे नाकाशी आणि मागे टाचेशी आतून कडक थर घालायचा, मग वरून तळवा बसवून दाबायचा. ताणून धरलेल्या स्थितीतच सगळं पक्कं होतं, म्हणून साचा काढला तरी आकार टिकतो. पूर्वी हे ताणायचं काम निव्वळ हाताचं होतं आणि कसबी कारागिराचे दिवसाला पन्नासेक जोड होत. यान मात्झेलिगर या डच गियानात जन्मलेल्या कृष्णवर्णीय यंत्रकाराने १८८३ मध्ये अमेरिकेत त्याचं यंत्र काढलं आणि दिवसाला काहीशे जोड निघू लागले. बुटाचा चेहरा बुटाला असा जन्मतःच आवळून बसवलेला असतो. त्यावर सैल मुखवटा चढवला तर पहिल्या वळणाला तो सुटणारच.

पट्ट्याचंही तेच. उंच टाचेच्या बुटात तळव्याचा मधला भाग, टाच आणि चवडा यांमधली कंबर, जमिनीला टेकत नाही. तिथून पट्टा फिरवला तर तो घासत नाही. साहेबलोक बुटावर पांढरे स्पॅट, म्हणजे घोटा झाकणारी आवरणं, चढवत; त्यांचा पट्टाही टाचेच्या अगदी पुढून, याच पोकळीतून जाई. सपाट बेलीला कंबरच नाही. उंच टाचेवर आवरण टिकतं आणि ज्या सपाट जोड्यात बाई दिवसभर चालू शकते त्यावर टिकत नाही. या कल्पनेचं नष्टचर्य नेमकं इथे आहे.

वर आणखी मापाची भानगड. आपण ज्या ब्रिटिश नंबरांनी चपला घेतो त्यात एका नंबराचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे जवळजवळ साडेआठ मिलिमीटर. पायात ते खपून जातं; ताणलेल्या कापडात खपत नाही. शिवाय हे नंबर आपल्या पायांसाठी केलेलेच नाहीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी लाखाहून अधिक लोकांचे पाय यंत्राने मोजले. भारतीय पाऊल रुंद भरतं, त्यामुळे आपण लांबीला मोठा जोड घेऊन रुंदी भागवतो, हे तेव्हा आकड्यांनिशी दिसलं. त्यावरून ‘भा’ ही देशी मापपद्धत मांडली गेली. एकाच ‘पाच नंबर’च्या दोन बुटांचे चवडे वेगळे असतील तर पाच नंबरचं आवरण नेमकं कोणाला बसायचं?

म्हणून या खेळात जे यशस्वी झाले त्यांनी आवरणाचा नाद सोडला आणि सांधा पकडला. अमेरिकेत लिंडसे फिलिप्स हिने स्लिपरचा तळ एक ठेवून वरचे पट्टे वेल्क्रोने बदलते केले. (वेल्क्रोचं पेटंट १९५५ चं; जॉर्ज द मेस्त्राल या स्विस गृहस्थाला ती कल्पना सुचली कुत्र्याच्या अंगाला चिकटलेल्या काटेरी बोंडांवरून.) पॅरिसमध्ये तान्या हीथ या मूळच्या कॅनडाच्या बाईंनी टाचच निघेल असा बूट केला: कळ दाबायची, उंच टाच काढायची, बुटकी लावायची. ऑफिसातून लग्नाला आणि लग्नातून मेट्रोला जाणाऱ्या बाईला यातलं मर्म सांगायला नको. पण टाच सुटी करायची म्हणजे सगळ्या शरीराचा भार पेलणारा सांधा सुटा करायचा. तो स्वस्तात होत नाही.

सगळ्यांत मोठी मजल मारली ती सगळ्यांत क्षुल्लक वस्तूने. कोलोरॅडोतल्या शेरी श्मेल्झर या गृहिणीने २००५ साली मुलांच्या क्रॉक्सच्या भोकांत कापडी फुलं आणि बटणं अडकवली. त्याला जिबिट्‌झ नाव दिलं, आणि पुढच्याच वर्षी क्रॉक्स कंपनीने तो धंदा एक कोटी डॉलरला विकत घेतला. भोक आधीच होतं, बटणाला माप लागत नव्हतं. तसली रबरी फुलं आणि अस्वलं आज करोल बागेच्या पदपथावरही पुड्यांत मिळतात.

हे सगळं घोळवत मी पुन्हा हरध्यान सिंग रोडवर गेले तेव्हा तोच रस्ता वेगळा दिसला. पहिल्या खेपेला मला जोडे मोडून ठेवल्यासारखे वाटले होते. आता दिसले ते सांधे. आकडे, चाप, दाबाची बटणं, पिनेचं बकल आणि नुसतं शोभेचं बकल, चुंबकाची टिकली, मागे चिमटा असलेलं खड्यांचं फूल. बूट करणारा हे सामान पक्कं करायला नेतो, मी काढता येईल असं लावायला नेत होते, एवढाच फरक. आपली कोल्हापुरी आठवली. तिचे भाग नावांनी वेगळे ओळखले जातात: तळ, कान, पट्टा, अंगठा, वेणी, गोंडा. अंगठा तुटला तर नवा बसवून मिळतो, चप्पल तीच राहते. वस्तूच्या भागांना रोजच्या बोलण्यात नावं असली की ती वस्तू दुरुस्त होते. बेलीच्या भागांना आपल्याकडे नावंच नाहीत, म्हणून ती एकसंध वाटते आणि एकसंध म्हणूनच फेकली जाते.

भाचीचं शेवटी असं झालं. उंच नव्हे, दीड इंचाच्या रुंद टाचेचा एक सोनेरी जोड. त्याला पुढे, चवडा दुमडतो त्याच्या पलीकडे नाकाजवळ, चिमट्याने बसणारी चार प्रकारची फुलं: साखरपुड्याला मोत्यांची, हळदीला पिवळ्या गोंड्यांची, मुहूर्ताला पैठणीच्या त्याच तुकड्याची चुण्या घालून केलेली, रिसेप्शनला खड्यांची. घोट्याभोवतीचा पट्टा सुटा. त्याचे दोन रंग. पैठणीचं फूल मोचीबाबांनी बांधलं आणि चुण्या पडतात त्या इथे शोभतात, असं म्हणून मला पहिल्या प्रयोगाचा टोमणाही दिला. ते फूल लग्नानंतर भाचीने पर्सला लावलं आहे. बेलीवरचं ते अख्खं आवरण माझ्या कपाटात आहे. कोणाला हवं असेल तर द्यायला तयार आहे.

तुम्ही जाणार असाल तर सोमवार टाळा. त्या दिवशी पक्की दुकानं बंद असतात आणि अजमल खान रोडवर फेरीवाल्यांचा बाजार भरतो. तो छान असतो, पण बकलं तिथे शोधू नका. आणि दुकानदाराला पायाचा नंबर सांगू नका. जोडाच पिशवीत घालून न्या.