मोठ्या टायरची स्टेपनी टांगायची कोठे?

प्रतिनिधी, नागपूर

इतवारीची लोहा ओळ ही नागपुरातील लोखंडाची जुनी बाजारपेठ. जीपच्या मागे स्टेपनीसाठी कॅरिअर बनवून घ्यायचे तर त्याला लागणारा चौकोनी पाइप, जाड पट्टी आणि प्लेट येथे वजनावर मिळते. सामान मिळणे सोपे आहे. ते गाडीला कोठे आणि कसे जोडावे, हा मात्र विचार करून सोडविण्याचा प्रश्न आहे. चुकीच्या जागी बसविलेले कॅरिअर काही महिन्यांत दाराच्या पत्र्याला चिरा पाडते. त्याहून वाईट म्हणजे, महामार्गावर निसटलेले चाक मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकते.

'स्टेपनी' या शब्दाचा इतिहास मनोरंजक आहे. वेल्समधील लानेथ्ली या गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकण्यास सुरुवात केली आणि रस्त्याचे नाव चाकाला चिकटले. इंग्लंडमध्ये हा शब्द मागे पडला; आपल्याकडे तो गॅरेजपासून परिवहन कार्यालयापर्यंत रूढ आहे.

मूळ चाक आणि मोठे चाक

खडकाळ, चिखलाच्या वाटांवर जाण्याची हौस असलेले वाहनधारक टायरचा आकार वाढवितात. २०२० मध्ये आलेल्या नव्या महिंद्रा थारच्या काही प्रकारांत २४५/७५ आर १६ या मापाचे टायर मिळत. या टायरची उंची सुमारे ७७४ मिलिमीटर भरते. त्याऐवजी २८५/७५ आर १६ हे माप घेतले तर उंची ८३४ मिलिमीटर, म्हणजे जवळपास ३३ इंच होते. रुंदीही ४ सेंटिमीटरने वाढते. चिखलासाठीचा असा टायर लोखंडी रिमसह ४० किलोच्या आसपास जातो.

चार चाके मोठी आणि स्टेपनी मात्र जुनीच, अशी तडजोड अनेक जण करतात. ती महागात पडू शकते. वरील दोन मापांपैकी लहान चाकाला एक किलोमीटर अंतरात मोठ्या चाकापेक्षा सुमारे ३० फेरे जास्त घ्यावे लागतात. एकाच आसावर अशी दोन चाके असली तर डिफरन्शियलला अखंड काम करावे लागते. त्याच स्थितीत फोर-व्हील ड्राइव्ह जोडला तर पुढच्या व मागच्या आसांतील ताण गिअरच्या दातांवर येतो. त्यामुळे स्टेपनी इतर चाकांच्याच मापाची हवी. कॅरिअरचा प्रश्न खरा येथूनच सुरू होतो.

दारावरचा भार

थार, मारुतीची जिम्नी आणि ताडोबा-पेंचच्या सफारीमुळे विदर्भात घरोघरी परिचित झालेली जिप्सी या गाड्यांत स्टेपनी मागच्या दारावर असते. हे दार बाजूला उघडते. त्याच्या बिजागऱ्या मूळ चाकाचे वजन धरून बनविलेल्या असतात.

साधा हिशेब करून पाहू. समजा चाकाचा मध्य बिजागरीपासून ६० सेंटिमीटरवर आहे आणि वरच्या व खालच्या बिजागरीत ४० सेंटिमीटर अंतर आहे. दार उघडे असताना २८ किलोचे चाक वरच्या बिजागरीला ४२ किलोच्या जोराने बाहेर ओढते. चाक ४० किलोचे झाले की हीच ओढ ६० किलोंवर जाते. दाराचे स्वतःचे वजन यात धरलेले नाही. दार बंद असताना कुलपाची कडी काही भार घेते खरी, पण खड्ड्यात गाडी आदळली की हाच भार क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो. शिवाय रुंद टायरमुळे चाकाचा मध्य दारापासून अधिक दूर जातो आणि दाराचा पत्रा वाकविणारा जोरही वाढतो.

दार बंद करताना किंचित उचलावे लागणे, खडबडीत रस्त्यावर मागून खडखड येणे, बिजागरीजवळ रंगाला बारीक तडे जाणे ही भार पेलवत नसल्याची लक्षणे आहेत. टायर एकाच मापाने वाढविला असेल तर दाराच्या आतून मजबुतीची प्लेट आणि जाड बिजागऱ्या बसवून भागू शकते. ३३ इंच वा त्याहून मोठ्या चाकासाठी दारावर विसंबणे योग्य नाही.

पर्याय कोणते?

पहिला पर्याय टपावरचा. यात मागचे दार मोकळे राहते. मात्र ४० किलोचे चाक डोक्याच्या वर चढविणे एकट्याचे काम नव्हे. टपावर वजन गेले की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि चिखलदऱ्यासारख्या घाटातील वळणांवर गाडी अधिक कलते. टपाला किती भार चालतो हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्या आकड्यात कॅरिअरचे वजनही मोजावे लागते.

दुसरा पर्याय गाडीच्या आत, मागच्या जागेत चाक ठेवण्याचा. त्याला खर्च कमी येतो. पण चाक पट्ट्यांनी जमिनीला घट्ट बांधलेले नसेल तर अचानक ब्रेक लागताच ते पुढच्या प्रवाशांवर येऊ शकते.

तिसरा पर्याय गाडीच्या पोटाखालचा. मूळ स्टेपनी खाली असलेल्या गाड्यांत मोठे चाक त्या जागेत बहुधा मावत नाही. मावलेच तर ते खाली लोंबते आणि दगडांना घासते.

चौथा आणि मोठ्या चाकासाठी सर्वांत भरवशाचा पर्याय म्हणजे मागच्या बंपरवरील बाजूला फिरणारे कॅरिअर. यात चाकाचा भार दारावर न येता बंपरमधून थेट चॅसीवर जातो.

बंपरवरील कॅरिअर निवडताना

सर्वप्रथम बंपर कशाला जोडला आहे ते पाहावे. तो चॅसीच्या दोन्ही कण्यांना उच्च ताकदीच्या बोल्टांनी आवळलेला हवा. बॉडीच्या पत्र्याला जोडलेला शोभेचा बंपर या कामाचा नाही. चॅसीवर मनमानी वेल्डिंग करणे किंवा भोके पाडणे टाळावे. उत्पादकाने ठेवलेल्या भोकांचाच वापर करावा. जवळपास कोठेही वेल्डिंग होणार असेल तर आधी बॅटरीची तार काढावी आणि इंधनाच्या टाकीकडे लक्ष द्यावे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट फिरणाऱ्या हाताची खुंटी. साध्या पाइपात पाइप घालून केलेली खुंटी लवकर झिजते आणि कॅरिअर झुकू लागते. टेपर रोलर बेअरिंग व ग्रीस भरण्याची सोय असलेली खुंटी महाग असली तरी टिकाऊ ठरते. नागपूरची धूळ आणि पावसाळ्यातील चिखल लक्षात घेता खुंटीवर झाकण आवश्यक आहे.

तिसरी गोष्ट कडी. बंद कॅरिअर खुंटी आणि कडी या दोन टोकांवर टेकलेले असावे. कडी ओढून घट्ट बसणारी हवी आणि तिला सुटू न देणारी वेगळी पिनही हवी. कॅरिअर उघडे असताना त्याला जागीच रोखणारा अडसर नसेल, तर उतारावर ते सामान काढणाऱ्याच्या अंगावर येते. कॅरिअर दाराच्याच दिशेने उघडते ना, हेही आधी पडताळावे.

चाक धरणाऱ्या प्लेटवरील बोल्टांचे अंतर रिमशी जुळले पाहिजे. ती प्लेट मागे-पुढे आणि वर-खाली सरकविता यावी. चाक फार खाली राहिले तर चढ उतरताना जमिनीला टेकते. फार वर गेले तर मागची काच झाकते. टायरच्या पाठीला रबरी टेकू घट्ट लागले की हादरे कमी होतात. उन्हाळ्यात रबर कडक होते, म्हणून ते वेळोवेळी बदलावे.

कॅरिअरचे स्वतःचे वजनही विसरू नये. ५० बाय ५० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप मीटरला सुमारे सव्वाचार ते साडेचार किलो भरतो. चार मीटर पाइप, प्लेट, खुंटी आणि चाक मिळून ६५ किलोंच्या आसपास भार मागच्या आसाच्याही मागे लटकतो. त्यात भरलेला २० लिटरचा डबा अडकविला तर आणखी सुमारे २० किलो. जाड लोखंड म्हणजे मजबूत कॅरिअर, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. सांधा आणि टेकूची जागा अधिक महत्त्वाची.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे टायरचे माप वाढविण्यापूर्वी आणि बंपर बदलण्यापूर्वी नागपूर शहर, पूर्व वा ग्रामीण यांपैकी आपल्या परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. अपघातानंतर दावा फेटाळला जाण्यापेक्षा हे सोयीचे. नंबरप्लेट, तिच्यावरील दिवा, ब्रेकचे दिवे आणि मागचा कॅमेरा चाकाआड जाता कामा नये.

२०२० मध्ये केंद्राने नियमात बदल करून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दर्शविणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना स्टेपनीच्या सक्तीतून सूट दिली. शहरात ती उपयोगी आहे. जंगलवाटेवर मात्र दगडाने टायरची बाजू चिरली तर दुरुस्तीचा संच निरुपयोगी ठरतो. तेथे जादा चाकाला पर्याय नाही.

बसविल्यानंतरची तपासणी

कॅरिअर बसवून घेतल्यावर चाक दोन्ही हातांनी धरून जोरात हलवावे. चाकाबरोबर सारी गाडी हलली तर जोडणी पक्की. नुसते चाक किंवा कॅरिअर हलले तर कोठेतरी ढिलाई आहे. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व नट-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत आणि प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी कडी, पिन व वेल्डिंगचे सांधे पाहावेत. समृद्धी महामार्गासारख्या वेगवान रस्त्यावर उतरण्याआधी तर ही पाच मिनिटे आवर्जून द्यावीत. स्टेपनीतील हवाही त्याच वेळी तपासून घ्यावी.