थरथरता हात आणि चहाचा पेला

लग्नघरी पाहुण्यांना चहा दिला जात असतो. एखादे आजोबा मात्र हात जोडून म्हणतात, "नको, आत्ताच झाला." वास्तविक चहा झालेला नसतो. पेला हाती घेतला की हात थरथरेल, चहा बशीत आणि बशीतून धोतरावर सांडेल, चार माणसे वळून पाहतील, ही धास्ती त्यांच्या मनात असते. पुढेपुढे तर असे आजोबा समारंभांना जाणेच सोडून देतात.

थोडासा कंप प्रत्येकाच्याच हातात असतो. हात पुढे पसरून बोटांवर एक कोरा कागद ठेवून पाहा. त्याची कड हलकेच हलताना दिसेल. परंतु काही माणसांच्या मेंदूतून स्नायूंना मिळणाऱ्या आज्ञांत बिघाड होतो आणि हा कंप फार वाढतो. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली अशा एका रोगाचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला. आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात, तोच हा रोग. यात हात मांडीवर स्वस्थ ठेवला असतानाच अधिक कापतो, सेकंदास सुमारे चार ते सहा वेळा. कंपाच्या दुसऱ्या एका प्रकारात नेमके उलट घडते. हात एरवी शांत असतो. पेला उचलला किंवा लेखणी धरली की थरथरू लागतो. कोणताही प्रकार असो, नुसत्या निश्चयाने कंप थांबत नाही. लोक पाहत आहेत असे वाटले की तो उलट वाढतो. तेव्हा "जरा नीट धरा ना!" असे म्हणणे व्यर्थच नव्हे, तर अपायकारकही होय.

हात आवरत नसेल, तर हातातील वस्तू बदलावी, असा विचार काही जणांनी केला. त्यांतील सर्वांत साधी युक्ती म्हणजे जड चमचा. जड वस्तू हलवण्यास अधिक बळ लागते. त्यामुळे हाताचे बारीक हिसके तिच्यापर्यंत पुरते पोहोचत नाहीत. अर्थात दंडात शक्तीच नसेल, तर हा चमचा म्हणजे नवे ओझे. जाड दांड्याची लेखणी आणि उंच काठाचे ताटही अशांच्या उपयोगी पडते.

अमेरिकेतील अनुपम पाठक या अभियंत्याने याहून चतुर चमचा बनवला. डोक्यावर भरली घागर घेऊन चालणारी बाई तुम्ही पाहिली असेल. तिचे पाय व कंबर हलते, पण मान त्या हालचाली सावरून घेते आणि घागर स्थिर राहते. या चमच्याच्या दांडीतील यंत्रणा त्या मानेचे काम करते. हात डावीकडे गेला की ती चमच्याचे तोंड तत्क्षणी उजवीकडे वळवते. हात कापतच राहतो. घास मात्र मुखापर्यंत पोहोचतो. पाठक यांची संस्था २०१४ साली गूगल कंपनीने विकत घेतली.

पण प्रत्येक वेळी यंत्रच हवे असे नाही. पुण्याच्या मिलेहा सोनेजी यांच्या काकांना कंपवात झाला होता. घरच्या मोठ्या गोतावळ्यात हसतखेळत वावरणारे हे काका चारचौघांत चहा घेईनासे झाले. मिलेहाबाई वस्तूंची रचना करणाऱ्या. त्यांनी काकांचे दुरून निरीक्षण केले आणि एक पेला घडवला. त्याच्या वरच्या भागास असा बाक आहे की, हात हिसकला तरी उसळलेला चहा त्या बाकावर आपटून परत आतच पडतो. त्यात ना यंत्र, ना वीज. २०१५ साली नेदरलंडमधील डेल्फ्ट येथील व्याख्यानात त्यांनी या पेल्याची हकिकत सांगितली. तो रोग्यासाठी आहे असे पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. एखाद्या धांदरट माणसानेही तो खुशाल वापरावा.