पाठीनं पिळायचं कसं?

ओली चादर पिळताना अंगाचं काय होतं, ते आठवून पाहा. मनगटं उलट दिशांना वळतात, खांदे आवळतात, श्वास अडतो आणि जोर हळूहळू चढत जातो. लंडनच्या ट्रिनिटी लाबानमध्ये मी नृत्यरचनेचं एम.ए. करायला गेले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आम्हाला पिळायला लावलं. चादर नव्हती आणि हातही वापरायचे नव्हते. पाठीनं पिळा. आता मानेनं. आता एका पावलानं.

पुण्यात पंधरा वर्षं कथक शिकून मी तिथं गेले होते. तत्कार, तोडे, परण, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अचूक येणं, सगळं अंगात मुरलेलं. आमच्या गुरू असलेल्या ताईंनी दाखवायचं आणि आम्ही तंतोतंत उचलायचं, ही आमची रीत. तिनं मला लय दिली, शिस्त दिली. ते ऋण फिटणारं नाही. पण पाठीनं पिळायला मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी डोळे मिटले आणि गच्चीवर गोधडी पिळणारी आई आठवली. तिचा जोर मनगटातून नव्हे, कमरेतून यायचा. मीही कमरेतून सुरुवात केली, आणि पीळ एकेका मणक्यानं मानेपर्यंत चढला.

ज्याच्या नावानं ही संस्था चालते तो रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) आजच्या ब्रातिस्लाव्हा शहरात जन्मला, जर्मनीत नावारूपाला आला आणि १९३८ मध्ये इंग्लंडला पोचला. हालचाल कोणती आहे यापेक्षा ती कशी होते, याचा त्यानं आयुष्यभर शोध घेतला. वजन, वेळ, अवकाश आणि ओघ या चार अंगांनी त्यानं हालचाल तपासली. पहिल्या तिन्हींच्या मेळातून आठ मूळ क्रिया निघतात : पिळणं, दाबणं, ठोसा मारणं, सपकारणं, टिपणं, झटकणं, अलगद सरकणं आणि तरंगणं. पिळण्यातला जोर काढून घ्या, ते तरंगणं होतं. जोर ठेवून संथपणा काढा, सपकारा होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यानं एफ. सी. लॉरेन्स या व्यवस्थापन सल्लागाराबरोबर कारखान्यांतल्या कामगारांच्या हालचाली याच नजरेनं पाहिल्या. दोघांचं ‘एफर्ट’ हे पुस्तक १९४७ मध्ये आलं. ओझं उचलणारी बाई आणि उडी घेणारी नर्तकी एकाच मापानं पाहता येतात, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं.

लाबाननं १९२८ मध्ये हालचालींची लिपीही प्रसिद्ध केली. ती खालून वर वाचायची असते. उभ्या पट्टीच्या मधल्या रेषेच्या एका बाजूला डावं अंग, दुसऱ्या बाजूला उजवं. चिन्हाच्या आकारावरून दिशा कळते, लांबीवरून लागणारा वेळ. माझ्या कथकच्या वहीत फक्त बोल असत. हात कुठं आणि मान कुठं, हे ताईंच्या आणि आमच्या स्मरणात.

इंग्लंडमध्ये नृत्याची बी.ए. साधारण तीन वर्षांची, एम.ए. पूर्णवेळ केली तर एका वर्षाची. तंत्राचे तास, उत्स्फूर्त हालचाली, शरीरशास्त्र, नृत्याचा इतिहास आणि निबंधलेखन यांतून विद्यार्थी जातात. पण खरी परीक्षा होते ती स्वतःची रचना मांडताना. तीन मिनिटांची रचना सादर करायची. वर्गमैत्रिणी जमिनीवर बसून पाहतात. आवडलं की नाही, हे आधी कुणी सांगायचं नाही. काय दिसलं तेवढंच सांगायचं. मग प्रश्न.

माझ्या पहिल्या रचनेत तबला नव्हता, घुंगरूही नव्हते. शिक्षिकेनं विचारलं, “तू तिथं का थांबलीस?”

मी म्हणाले, “तिथं सम होती.”

“ती आम्हाला कुठून दिसणार होती?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. सम माझ्या डोक्यात वाजत होती, खोलीत नव्हती. महिनाभर मी त्या एका प्रश्नावर काम केलं. बाकी सगळं काढून टाकलं आणि तिहाईचं, म्हणजे तीनदा येऊन समेवर संपणाऱ्या तुकड्याचं, हाड तेवढं ठेवलं : एकच पिळाची हालचाल, तीनदा, दर वेळी त्याच ठिकाणी तोडलेली. पुन्हा सादर केलं, तेव्हा तिसऱ्या खेपेला संपूर्ण वर्गानं श्वास रोखल्याचं मला ऐकू आलं. त्यांतल्या कुणालाही तिहाई हा शब्द माहीत नव्हता. माझ्या गुरूंनी दिलेली गोष्ट मला त्या दिवशी खऱ्या अर्थानं समजली.

या वाटेनं आधीही लोक गेले आहेत. लंडनमध्ये जन्मलेला अक्रम खान प्रताप पवारांकडं कथक शिकला, नंतर त्यानं विद्यापीठात समकालीन नृत्याचा अभ्यास केला, आणि दोन्हींतून स्वतःची भाषा घडवली. बंगळूरची आट्टक्कलरी ही संस्था १९९२ मध्ये सुरू करणारे जयचंद्रन पालाझी हेही लंडनमध्ये शिकून आलेले. आपल्याकडं पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबईचं नालंदा महाविद्यालय शास्त्रीय नृत्याची पदवी देतात. तो पाया भक्कम आहे. त्याच्या जोडीनं विद्यार्थ्यांना स्वतः रचायला लावणारे, आणि रचलेल्याला प्रश्न विचारणारे तास आपल्या प्रत्येक नृत्यवर्गात हवेत. त्याला परदेश लागत नाही.

मुलीला नृत्य शिकायचं असेल, तर पालकांनी संस्थेत दोन गोष्टी जरूर पाहाव्यात. एक, जमीन : खाली लवचीक लाकूड आहे की थेट शहाबादी फरशी? फरशीवर वर्षानुवर्षं पाय आपटल्याची किंमत माझे गुडघे मोजत आहेत. दुसरी, वर्गात मुलींना “का?” असं विचारतात का?

आणि शिकणाऱ्या मुलींनो, आजपासून रोज एका मिनिटाची स्वतःची रचना करा. ती कुणाला तरी दाखवा. काय दिसलं, एवढंच विचारा, आणि मिळालेलं उत्तर वहीत लिहून ठेवा.