जुनी रायफल आणि तिचा बार



नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी असतांना येथील वनाधिकारी, मालगुजार किंवा वकील यांच्या घरीं शिकारीची एखादी विलायती रायफल असणें हें नवल नव्हतें. कोणी ती नवी मागवीत, कोणी स्वदेशीं परतणाऱ्या साहेबाकडून जुनी विकत घेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीवर कडक बंधनें आलीं आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार अजीबात बंद झाली. तथापि सीताबर्डीसारख्या जुन्या वस्तींतील एखाद्या घरीं आजोबांची रायफल कपाटांत उभी असते, आणि नातवाच्या मनांत येतें कीं, हिला घासूनपुसून एकदां बार काढून पाहावा. हा मोह साधा दिसतो. पण त्यांत हाताचा आणि डोळ्यांचा प्रश्न गुंतलेला आहे. म्हणून रायफल आणि तिचा बार यांचें नातें काय, तें आज समजून घेऊं.

दारू पेटली म्हणजे तिचा वायु होतो आणि तो वायु गोळीला पुढें लोटतो. परंतु तोच वायु तितक्याच जोरानें नळीच्या भिंतींवर आणि मागच्या खटक्यावरहि दाब देतो. जुनी काळी दारू म्हणजे शंभर भागांत सुमारें ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. तिचा धूर फार, पण दाब बेताचा. १८८४ सालीं फ्रान्समध्यें व्हिएय् यानें बिनधुराची दारू सिद्ध केली. पुढें इंग्लंडांत कॉर्डाइट निघालें. ही नवी दारू तेवढ्याच मापाची घेतली तर तिच्या अंगीं काळ्या दारूपेक्षां कितीतरी अधिक शक्ति असते. काळ्या दारूसाठीं घडलेल्या नळींत ती मापानें भरणें म्हणजे नळी फोडण्याची तयारी करणेंच होय.

याचा दाखला लष्करांतच मिळतो. ब्रिटिशांची ३०३ बोअरची ली-मेटफर्ड रायफल १८८८ सालीं आली, तेव्हां तिच्या काडतुसांत काळी दारू होती. १८९१ च्या सुमारास तिच्या जागीं कॉर्डाइट आलें. त्याच्या प्रखर उष्णतेनें मेटफर्डचे उथळ आटे लवकर झिजूं लागले, म्हणून १८९५ सालीं निराळ्या, खोल आट्यांची ली-एन्फील्ड काढावी लागली. दारू बदलली म्हणून नळी बदलावी लागली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आपल्याच प्रांतांत अधिकारी असलेल्या कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यानें सातपुड्याच्या रानावर ग्रंथ लिहिला, हें पुष्कळांस ठाऊक असेल. त्यापूर्वीं त्यानें शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावरहि एक पुस्तक लिहिलें होतें. त्याचें म्हणणें असें कीं, आट्यांचा पीळ फार घट्ट असेल तर दारू वाढवितांच वाटोळी गोळी आटे सोडून घसरते. जास्त दारू घालावयाची तर पीळ मंद हवा. सारांश, बार रायफलीला जुळला पाहिजे. बारासाठीं रायफलीवर बळजबरी करूं नये.

मग जुन्या रायफलीची परीक्षा कशी होते? प्रथम नळीवरील ठसे वाचावयाचे. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळास १६३७ सालीं सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ सालीं कायद्यानें स्थापन झालें. तेथें नेहमींपेक्षां जबर बार काढून नळी टिकली तरच ठसा उमटवीत. पुष्कळ विलायती रायफलींवर ‘नायट्रो प्रूफ’ हीं अक्षरें, दारूचे ग्रेन आणि गोळीचें वजन कोरलेलें असतें. म्हणून पॉलिश करणाऱ्यानें ठसे घासून टाकले तर रायफलीची जन्मपत्रिकाच पुसली असें समजावें. बोअरच्या नांवावरहि विसंबूं नये. ३०३ ची गोळी प्रत्यक्षांत ०·३११ इंचांच्या आसपास असते. नांव एक आणि माप दुसरें. यासाठीं नळीचें व काडतुसाच्या घराचें माप घ्यावेंच लागतें.

दुसरी गोष्ट गंजाची. जुन्या काडतुसांच्या टोपींत क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचा क्षार नळींत राहतो आणि आपल्याकडील पावसाळी हवेंत ओलावा ओढून घेऊन पोलाद खातो. हा क्षार तेलांत विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळतो. म्हणून जाणते शिकारी प्रथम कढत पाण्यानें नळी धूत, कोरडी करीत आणि मग तेल लावीत. बाहेरून चकचकीत असलेल्या नळीच्या पोटांत खड्डे असूं शकतात.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष बाराची. जाणता कारागीर पहिला बार खांद्याला लावून काढीत नाहीं. रायफल घडवंचीला घट्ट बांधतो आणि दुरून दोरीनें चाप ओढतो. दारू तिच्या कारखान्यानें छापलेल्या कोष्टकांतील खालच्या अंकापासून घेऊन थोडीथोडी वाढवितो आणि प्रत्येक वेळीं उडालेलें काडतूस पाहतो. टोपी चपटी झाली, काडतूस अडकून निघूं लागलें, तर तेथेंच थांबतो. जोराचा बार तोच चांगला असें नव्हे. ज्या बारानें गोळ्या एकमेकींजवळ पडतात आणि पोलादास त्रास होत नाहीं, तो खरा.

हें काम घरचें नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें शस्त्राची दुरुस्ती आणि परीक्षा करणाऱ्या धंद्यासहि परवाना लागतो. परवानाधारक वारल्यावर हत्यार वारसाचें आपोआप होत नाहीं; तें विनाविलंब पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक दुकानदाराकडे ठेवून पुढील परवानगी मागावी लागते. त्यानंतर कारागिरानें रायफल अयोग्य ठरविली, तर तिचा आवाज ऐकण्याचा हट्ट सोडावा. वडिलांची आठवण राखण्यासाठीं बार उडालाच पाहिजे असें नाहीं.