घसा तर बरा झाला होता!

गेल्या श्रावणातली गोष्ट. नातू सहा आठवड्यांचा झाला आणि त्याला पहिली टोचणी दिली. रात्री पोर तापाने फणफणले. सूनबाई रात्रभर त्याला मांडीवर घेऊन बसली होती. सकाळी लाल डोळ्यांनी मला म्हणाली, "आई, पुढची टोचणी नकोच. धडधाकट मुलाला मुद्दाम आजारी का पाडायचे? आणि घटसर्प हल्ली होतो कुणाला?"

मी तीस वर्षे शाळेत शरीरशास्त्र शिकवले. एखादे व्याख्यान सहज ठोकता आले असते. पण त्या क्षणी मला फळा आठवला नाही. आठवला तो दादा.

१९५६ साल. आम्ही वाईला राहत होतो. मी पाच वर्षांची, दादा सात. गौरी गेल्या आणि दोनच दिवसांनी आम्हां दोघांचे घसे धरले. माझा चार दिवसांत मोकळा झाला. दादाच्या घशात मात्र राखी रंगाचा पडदा धरला, मान सुजून हनुवटीला भिडली. डॉक्टरांनी बॅटरी धरून पाहिले आणि अण्णांना बाजूला घेऊन सांगितले, "सीरम हवे. आजच." गावात ते नव्हते. अण्णा एस.टी.ने पुण्याला गेले, दुकाने पालथी घातली, आणि बाटली घेऊन परतले तेव्हा दुखण्याचा चौथा दिवस उजाडला होता.

सीरम टोचले. पडदा सुटला, ताप उतरला, दादा मऊभात मागू लागला. त्याला अंथरुणातून उठू देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण सात वर्षांच्या मुलाला किती दिवस निजवून ठेवणार? बाराव्या दिवशी अंगणात मुले भोवरा खेळत होती. दादा उठून धावला आणि उंबऱ्यातच कोसळला. तो पुन्हा उठला नाही. "घसा तर बरा झाला होता हो!" हे एकच वाक्य माई पुढे कित्येक वर्षे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. त्या वर्षीच्या भाऊबीजेला तिने मला चंद्राला ओवाळायला लावले.

दुखणे घशाचे, मग हृदय का थांबले? हे कोडे शास्त्रज्ञांनाही पडले होते. १८८४ साली जर्मनीत लोफ्लरने घटसर्पाचा जंतू वेगळा काढला. दगावलेल्या मुलांच्या घशात तो सापडे, पण हृदयात, मूत्रपिंडात पाहावे तर मागमूस नाही! चोर दाराशीच बसलेला आणि तिजोरी मात्र फुटलेली. जंतू बहुधा विष सोडत असावा, असा तर्क लोफ्लरने केला. चार वर्षांनी पॅरिसमध्ये रू आणि येर्सिन यांनी जंतू वाढवलेले पाणी चिनीमातीच्या गाळणीतून गाळले. जंतू वर राहिले, पाणी खाली आले. त्या निर्जंतुक पाण्यानेही प्राणी मेले.

हे विष रक्ताबरोबर हिंडते, पेशीला चिकटून आत शिरते आणि तिथला प्रथिने बनवण्याचा कारखाना बंद पाडते. त्याचा एक रेणू एका पेशीला पुरेसा होतो. हृदयाच्या स्नायूचे त्याला भारी वावडे. घसा निवळला तरी आठवड्या-दोन आठवड्यांनी तिथला घात उघड होतो. गंमत अशी, की ही विद्या जंतूची स्वतःची नव्हेच. त्याला एका विषाणूची बाधा झाली तरच तो विष बनवतो. १९५१ साली हे कळले. जंतूलाही रोग लागतो, आणि मरतात आपली मुले!

आणि ते सीरम? १८९० साली बेरिंग आणि किटासाटो यांना दिसले, की ज्या प्राण्याला थोडे थोडे विष देऊन सरावलेले असते, त्याचे रक्तच त्या विषाला निकामी करते. पुढे घोड्यांना असे सरावून त्यांच्या रक्तातून सीरम काढू लागले. त्यातली प्रतिपिंडे रक्तात फिरणाऱ्या विषाला धरतात; जे पेशीत शिरून बसले त्याला मात्र ती काही करू शकत नाहीत. दादाच्या बाटलीने चार दिवस लावले होते. शिवाय घोड्याची प्रतिपिंडे म्हणजे उसनवारी. दोन-तीन आठवड्यांत संपते; शरीर त्यातून काहीच शिकत नाही.

शिकवते ती लस. १९२३ साली रामोंने विषात फॉर्मलिन घालून ते उबेत ठेवले. नांगी मोडलेल्या विंचवासारखे ते झाले. रूप तेच, दंश नाही. बाळाच्या मांडीत हाच विंचू सोडतात. तिथल्या पहारेकरी पेशी त्याचे तुकडे उचलून जवळच्या गाठीत नेतात. काट्याने पाय दुखावला की जांघेत अवधाण येते ना, तीच गाठ. तिथे पांढऱ्या पेशींची गर्दी, प्रत्येकीचा साचा निराळा. जिचा साचा या विषाशी जुळतो ती वाढू लागते, एकीच्या हजारो होतात आणि प्रतिपिंडे पाझरू लागतात. ही प्रतिपिंडे विषाच्या नेमक्या त्या आकड्यावर बसतात, ज्याने ते पेशीला धरते. पहिल्या खेपेला या खटाटोपाला दोन आठवडे लागतात आणि पीकही बेताचे येते. पण काही पेशी ओळख धरून मागे राहतात. दुसऱ्या खेपेला तेच काम लवकर होते आणि कितीतरी अधिक. म्हणून सहा, दहा आणि चौदा आठवडे.

हे सारे मी सूनबाईला चहा पिता पिता सांगितले. ताप लबाड नव्हता, हेही सांगितले. त्याच सुईत डांग्या खोकल्याचे मारलेले जंतू असतात, त्यांना पाहून शरीर भट्टी पेटवते आणि दिवस-दोन दिवसांत विझवते. ती म्हणाली, "पण आई, मी गरोदरपणी टीडी घेतली होती ना? ती पुरणार नाही?" प्रश्न हुशारीचा होता. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात खरी. पण तीही घोड्यासारखी उसनीच, काही महिन्यांत सरणारी.

"आणि घटसर्प कुणाला होतो" याचे उत्तर सोपे नाही. भारतात हजारो रुग्ण नोंदले गेलेली वर्षे फार जुनी नाहीत. सोव्हिएत संघ मोडला त्या सुमारास तिकडे टोचण्या ढिल्या पडल्या, तर १९९० नंतरच्या काही वर्षांत दीड लाखांहून अधिक लोकांना घटसर्प झाला. त्यांत प्रौढ पुष्कळ होते, कारण शरीराची ही ओळखही वर्षांनुवर्षे फिकट होत जाते. रोगातून उठलेल्यालाही पक्की प्रतिकारशक्ती येईलच असे नाही. त्यालाही लस द्यावी लागते. हे सांगताना माझीच जीभ चाचरली. १९५६ सालचा माझा तो घसा घटसर्पाचा होता की साधा, कोण जाणे. पण त्यानंतर मी घटसर्पाची लस एकदाही घेतली नव्हती.

दहाव्या आठवड्याला आम्ही तिघे गेलो. नातवाचे आटोपल्यावर मी माझाही दंड पुढे केला. नर्सबाई आधी हसल्या, मग डॉक्टरांना विचारून त्यांनी मला टीडी टोचली आणि पुढच्या डोसची तारीख चिठ्ठीवर लिहून दिली.

त्या रात्री पोराला थोडी कणकण होती आणि माझा दंड ठणकत होता. सूनबाईने त्याला औषधाचे थेंब पाजले आणि एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली.