वल्ह्यावरची काळी रेघ

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे हैदा लोक सीडरच्या होड्या आणि वल्ही रंगवतात. ती पद्धत आज सांगतो.

आधी वल्हं पॉलिश पेपरने घासा, लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच. मग ओल्या फडक्याने पुसा. तंतू उभे राहतात. वाळलं की पुन्हा घासा, नाहीतर रेघेची कड खरबरीत येते.

नक्षीचा पाया म्हणजे कोपरे गोलावलेला लांबट चौकोन. तो कागदातून कापून पेन्सिलने उतरवा. मग मुख्य रेघ, बहुधा काळी: कुठे जाड, कुठे निमुळती, पण सलग. आतल्या दुय्यम आकारांना लाल. पूर्वी रंग चिकटावा म्हणून त्यात सामन माशाची चावलेली अंडी घालत. मी ॲक्रिलिक वापरतो. मुठीला वार्निश लावू नका, हाताला फोड येतात.

एक चूक सांगतो. डोमकावळा, गरुड ही तिथे घराण्यांची चिन्हं. ती वापरायचा हक्क वारशाने मिळतो. मी फोटोतलं एक चिन्ह जसंच्या तसं उतरवलं. मुलगी म्हणाली, "बाबा, दुसऱ्या रेजिमेंटचा बिल्ला तुम्ही लावला असता?"

त्याच दिवशी ते घासून काढलं. आता हे आकार मी सरावाच्या फळीवरच काढतो. माझ्या वल्ह्यावर साधी काळी पट्टी आहे.